कंपवातातील स्वप्ने आणि मोडलेली झोप: एका पत्नीच्या चार प्रश्नांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. यजमान ६९ वर्षांचे, एसटीत ३१ वर्षे चालक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. पाच वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे निदान झाले. गेले सहा-सात महिने ते पहाटेच्या सुमारास झोपेत ओरडतात, शिव्या देतात आणि उजवा पाय पलंगाच्या पायथ्याकडील फळीवर जोराने दाबून धरतात. जागे केल्यावर सांगतात की घाटात उतरताना गाडीचा ब्रेक लागत नव्हता. एकदा त्यांचा हात पत्नीच्या कानशिलावर बसला. तेव्हापासून त्या त्यांच्या मनगटाला आपल्या पदराची गाठ मारून झोपतात, म्हणजे हालचाल होताच आपल्याला जाग यावी. अलीकडे रात्री लघवीला उठल्यावर यजमानांना कपाटापाशी एक लहान मुलगा उभा दिसतो. नातेवाइकांपैकी कोणी ही बाहेरची बाधा असल्याचे म्हणते, ओळखीच्या औषध दुकानदाराने झोपेची गोळी दिली आहे. हे आजाराचे की औषधांचे, यजमानांचे डोके तर फिरत नाही ना, झोपेची गोळी चालू ठेवावी का आणि वेगळे झोपावे का, असे चार प्रश्न पत्नीने विचारले आहेत.

आपल्या पत्रात मला तीन निरनिराळ्या तक्रारी दिसतात: स्वप्नात हातपाय मारणे, जागेपणी मुलगा दिसणे आणि रात्री वारंवार जाग येणे. या तिन्ही गोष्टी ‘झोपेचा त्रास’ या एकाच गाठोड्यात बांधून त्यावर एकच गोळी दिली गेली, आणि गोंधळ तिथूनच वाढला आहे. तिघींची कारणे वेगळी, उपाय वेगळे, आणि एकीचा उपाय दुसरीला अपाय ठरू शकतो, म्हणून मी त्या सुट्या करून सांगतो.

आधी ब्रेकच्या स्वप्नाविषयी. झोपेचा एक टप्पा असा असतो की त्यात बंद पापण्यांखाली बुबुळे भराभर हलतात आणि ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्ने पडतात. त्याला रेम झोप म्हणतात. ती साधारण दर दीड तासाने येते आणि रात्रीच्या उत्तरार्धात तिचा वाटा वाढत जातो, त्यामुळे आपल्या घरचा आरडाओरडा तीन ते पाचच्या दरम्यान होतो यात नवल नाही. या टप्प्यात मेंदूच्या देठातून खाली मज्जारज्जूकडे असा निरोप जातो की डोळ्यांचे आणि श्वासाचे स्नायू सोडून बाकी सगळे स्नायू सैल राहतात. आपण सगळे रोज रात्री स्वप्नात धावतो, भांडतो, पण अंथरुणातून हलत नाही, ते या बंदोबस्तामुळेच. फ्रान्समधील लिऑन येथे मिशेल जुवे यांनी १९५९ च्या सुमारास मांजरांमध्ये ही स्नायूंची सैलता दाखवली, आणि देठातील त्या नेमक्या जागेला इजा केली तर झोपलेले मांजर न दिसणाऱ्या उंदरावर झडप घालते, हेही त्यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आले. माणसांमधला हा विकार अमेरिकेतील मिनेसोटा येथे कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ साली रीतसर वर्णन केला. त्याचे नाव रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर. आम्ही डॉक्टर बोलताना आरबीडी म्हणतो.

कंपवाताच्या साधारण तिसरा हिस्सा ते निम्म्या रुग्णांमध्ये हा विकार आढळतो. कंपवातात ज्या प्रथिनाच्या गुठळ्या मेंदूच्या पेशींत साचतात, त्या हालचालींच्या केंद्रात पोहोचण्याआधी बऱ्याच जणांत खाली देठात साचू लागतात, अशी मांडणी जर्मनीतील हायको ब्राक यांनी २००३ मध्ये केली. ती प्रत्येक रुग्णाला लागू पडते असे नाही, पण आपल्या पत्रातल्या एका ओळीचा उलगडा मात्र ती नीट करते. आपण जाता जाता लिहिले आहे की मुक्कामी गाडी घेऊन खेड्यात गेल्यावर यजमान रात्री झोपेत ओरडत आणि त्यांचे कंडक्टर दुसऱ्या दिवशी डेपोत त्यावरून थट्टा करत. ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची, म्हणजे हाताचा कंप सुरू होण्याच्या कितीतरी आधीची. माझ्या मते आजाराची ती पहिली खूण होती. तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही याची खंत करू नये, कारण लक्षात आले असते तरी आजार थोपवणारे औषध आजही हाती नाही. आपला मुलगाही झोपेत बडबडतो म्हणून आपण घाबरला आहात, तर नुसती बडबड फार लोक करतात. तेवढ्यावरून कसलाही अर्थ काढू नये.

या विकारात एक चमत्कारिक गोष्ट दिसते आणि घरच्यांना ती हमखास चक्रावून टाकते. दिवसा ज्यांना शर्टाचे बटण लावायला पाच मिनिटे लागतात, ज्यांचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाही, तेच गृहस्थ स्वप्नात खणखणीत आवाजात ओरडतात आणि त्यांचा हात कंपाशिवाय, वेगाने, नेमका उठतो. पॅरिसमधील संशोधकांनी २००७ मध्ये रुग्णांचे रात्रीचे चित्रीकरण तपासून आणि त्यांच्या जोडीदारांशी बोलून हे नोंदवले आहे. आपले दीर घरी मुक्कामाला आले असताना त्यांनी तो आवाज ऐकला आणि ‘दिवसा हा नाटक करतो’ असे म्हणाले, हे वाचून मला वाईट वाटले. नाटक नाही आणि बाधाही नाही. रेम झोपेत हालचालीचा निरोप, कंपवाताने अडवलेली नेहमीची वाट टाळून, बहुधा दुसऱ्या वाटेने जातो, असे या क्षेत्रातील अभ्यासकांना वाटते. तो हात आपल्यावर उगारलेला नव्हता, हेही इथेच सांगतो. यजमानांच्या लेखी त्या क्षणी समोर गाडीचे स्टिअरिंग होते, आपण नव्हता.

दुसरी तक्रार कपाटापाशी दिसणाऱ्या मुलाची. ही स्वप्नाची नाही, आणि हा फरक तुम्हीच टिपू शकता. स्वप्नात हातपाय मारणाऱ्याचे डोळे मिटलेले असतात, हाक मारल्यावर तो चटकन भानावर येतो आणि बहुतेक वेळा स्वप्न सांगतो. मुलगा दिसतो तेव्हा यजमानांचे डोळे उघडे असतात, ते चालत असतात, बोलत असतात. याला आम्ही भास म्हणतो. कंपवातात माणसे, मुले, मांजरे, किडे दिसणे अपरिचित नाही. आपण लिहिता की ‘कोणी नाही हे मला कळते, तरी तो दिसतो’ असे ते स्वतः म्हणतात. ही जाणीव शाबूत असणे फार चांगले लक्षण आहे आणि डोके फिरल्याचा अर्थ त्यातून निघत नाही. तरी ही तक्रार डॉक्टरांच्या कानावर घालायचीच, कारण स्वप्नातील हालचाली आणि भास दोन्ही असलेल्या रुग्णांमध्ये पुढे विस्मरणाचे प्रमाण अधिक दिसते, आणि भासांमागे बऱ्याचदा काढून टाकता येण्यासारखे कारण सापडते.

आपल्या औषधांच्या यादीत तसे कारण मला दिसते. ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी कंपासाठी दिली जाते. ती स्वस्त आहे, जुनी आहे, आणि सत्तरीच्या आसपासच्या रुग्णात गोंधळ, भास, विसराळूपणा, बद्धकोष्ठ आणि लघवी तुंबणे या सगळ्याला हातभार लावते. कंपवातावरच्याच अमँटाडीनचा दुसरा डोस आपण रात्री जेवणानंतर देत आहात. हे औषध तरतरी आणते, स्वप्ने गडद करते आणि काहींना भास घडवते, म्हणून दुसरा डोस दुपारीच उरकावा लागतो. सेलेजिलिन घेणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. प्रामिपेक्सोलमुळेही चित्रमय स्वप्ने आणि भास होतात, शिवाय दिवसा एकाएकी डोळा लागू शकतो. यजमान अजून स्कूटरवर बाजारात जातात असे आपण लिहिले आहे. ३१ वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला हे सांगणे अवघड जाईल, पण हा प्रश्न सुटेपर्यंत किल्ली आपल्याकडे ठेवावी.

भास असलेल्या रुग्णाची औषधे कमी करताना आमचा क्रम साधारण ठरलेला असतो: आधी ट्रायहेक्सिफेनिडिल, मग अमँटाडीन किंवा सेलेजिलिन, मग प्रामिपेक्सोलसारखी औषधे, आणि लेव्होडोपाला, म्हणजे कंपवाताच्या मुख्य औषधाला, हात अगदी शेवटी. हे सर्व हळूहळू आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच व्हावे. हे वाचून आज रात्री स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. कंपवाताची औषधे एकाएकी तोडल्यास अंग ताठ होऊन ताप चढण्यापर्यंत मजल जाऊ शकते. भास अलीकडेच सुरू झाले असल्याने लघवीची तपासणी, रक्तातील सोडियम आणि साखर पाहावी, पोट साफ होते का ते पाहावे. मोतीबिंदू असल्यास तोही काढून घ्यावा, कारण अंधुक नजर भासांना खतपाणी घालते. एक साधी गोष्ट आजच करा: कपाटाशेजारच्या खुंटीवर शर्ट आणि टॉवेल टांगलेले असतील तर ते काढून ठेवा, आणि झिरो बल्बऐवजी जमिनीलगत उजेड पडेल असा दिवा लावा. माझ्या एका रुग्णाच्या घरचा ‘पाहुणा’ अशा रीतीने खुंटीवरच्या रेनकोटाबरोबर नाहीसा झाला होता. दर वेळी इतके सोपे नसते, पण करून पाहायला पैसे पडत नाहीत.

मुलगा दिसला की यजमानांशी वाद घालू नये आणि ‘हो, दिसतो खरा’ असे म्हणूही नये. ‘मला दिसत नाही, पण तुम्हाला दिसतो आहे हे समजले, मी इथेच आहे’ एवढे बोलून दिवा लावावा. भास भीतिदायक झाले किंवा ते खरेच आहेत अशी यजमानांची खात्री पटू लागली तर क्वेटियापिन किंवा क्लोझापिन कमी मात्रेत द्यावे लागते. क्लोझापिनवर असताना रक्ताची नियमित तपासणी करावी लागते. रात्रीच्या आरडाओरड्यासाठी हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन मात्र कोणी देऊ लागले तर रुग्णाला कंपवात आहे हे आधी मोठ्याने सांगावे, कारण त्याने कंपवात कमालीचा बिघडतो. उलटी-चक्करसाठी सर्रास मिळणाऱ्या काही गोळ्याही याच जातीच्या असतात.

तिसरी तक्रार, वारंवार जाग येणे, ही सर्वांत नीरस वाटते. माझ्या अनुभवात सुधारणेला सर्वांत जास्त वाव मात्र तिथेच असतो. सिंडोपाची, म्हणजे लेव्होडोपा असलेल्या गोळीची, शेवटची मात्रा संध्याकाळी सहाला आणि पुढची सकाळी आठला, म्हणजे मध्ये चौदा तास. या गोळीचा असर काही तासच टिकतो. मध्यरात्रीनंतर अंग लाकडासारखे होते, कूस बदलता येत नाही, पहाटे पायाची बोटे वळतात आणि दुखतात. असा माणूस जागा राहणारच, त्यात झोपेच्या गोळीचा काय उपयोग? झोपताना हळूहळू विरघळणारी, सीआर प्रकारची सिंडोपा देता येईल का, हे आपल्या न्यूरॉलॉजिस्टना विचारावे. ती कुटून किंवा चावून द्यायची नसते. भास असताना रात्रीचा डोस वाढवायचा की नाही हा तोलूनमापून घेण्याचा निर्णय आहे, म्हणून आधी वरच्या औषधांची छाटणी आणि मग हे, असा क्रम मी ठेवीन.

कूस बदलण्यासाठी पलंगावर कमरेपासून मांडीपर्यंत येईल असा जुन्या रेशमी साडीचा किंवा सॅटिनचा आडवा पट्टा अंथरावा आणि कडा गादीखाली घट्ट खोचाव्यात. पायाखाली मात्र सुती चादरच हवी, कारण टाचेला रेटा द्यायला पकड लागते. गुडघे दुमडायचे, ते ज्या बाजूला वळायचे त्या बाजूला पडू द्यायचे, मग हात आणि शेवटी खांदा न्यायचा. हे दिवसा चार वेळा घोटून घ्यावे, रात्री अर्धवट झोपेत नवे काही सुचत नाही. घरची जड गोधडी पायावरून काढून हलके पांघरूण द्यावे. गोधडीच्या ओझ्याखाली वळता न येणारे कितीतरी रुग्ण मी पाहिले आहेत, आणि ती आईच्या हातची असल्याने बाजूला ठेवायला कोणी तयार नसते.

रात्री चार वेळा लघवीला उठणे हा कंपवाताचाही भाग असू शकतो, प्रोस्टेटचाही आणि मधुमेहाचाही, तेव्हा तपासणी करून घ्यावी. दिवसभर पाणी भरपूर, संध्याकाळी सातनंतर बेताने, आणि साडेसहाचा चहा बंद. ज्यांचा रक्तदाब उभे राहिल्यावर घसरतो त्यांना डोक्याकडील पाये विटांवर घेऊन पलंग थोडा तिरका केल्याने दोन फायदे होतात: रात्री लघवी कमी होते आणि सकाळी उठताना भोवळ कमी येते. उठताना अर्धा मिनिट काठावर बसूनच उभे राहावे. पलंगाशेजारी लघवीचे भांडे ठेवण्यात कमीपणा मानू नये. झोपायच्या वेळी पायांत मुंग्या चढल्यासारखी, हलवल्याशिवाय चैन न पडणारी तगमग होत असेल तर तेही सांगावे, कारण शरीरातील लोहाचा साठा कमी असल्यास ती वाढते आणि त्यावर वेगळा इलाज आहे.

आता झोपेच्या गोळीविषयी स्पष्ट बोलतो. दुकानदाराने दिलेली अल्प्राझोलाम चिठ्ठीशिवाय देणेच गैर आहे. तिने रात्री तोल जातो, भास वाढू शकतात, आणि यजमान मोठ्याने घोरत असतील तर झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही वाढतो. रोज घेत असल्यास तीही डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने सोडावी. मी स्वतः तरुणपणी एका शिक्षकांना ‘बायको झोपू देत नाहीत म्हणते’ एवढ्याच तक्रारीवर अशी गोळी लिहून दिली होती. बाईंना आत बोलावून काय होते ते विचारले नाही, त्या बाहेर बाकावर बसून होत्या. तिसऱ्या आठवड्यात ते रात्री न्हाणीघरात पडले आणि खुब्याचे हाड मोडले. गोळी लिहिताना मी दोन मिनिटे वाचवली होती.

स्वप्नातील हालचालींसाठी सहसा दोन औषधे वापरली जातात. मेलॅटोनिन ३ मिलिग्रॅमपासून सुरू करून गरजेप्रमाणे वाढवतात. ते रोज ठरल्या वेळी, झोपण्याआधी घ्यायचे असते आणि वृद्धांना ते तुलनेने मानवते. क्लोनाझेपाम पाव मिलिग्रॅमपासून देतात. त्याचा गुण अनेकांना येतो, पण तेही अल्प्राझोलामच्याच कुळातले, म्हणून पडण्याचा धोका, घोरणे आणि विसराळूपणा असलेल्यांत मी ते टाळतो. दोन्हींमागचा शास्त्रीय पुरावा वैद्यक-व्यवसायातील त्यांच्या वापराइतका भक्कम नाही, हे मान्य करायला हवे. आपल्या यजमानांसाठी मी मेलॅटोनिनने सुरुवात करीन. घोरणे आणि श्वास थांबणे दिसत असेल तर त्याआधी चित्रीकरणासह रात्रभराची झोप तपासणी करून घेईन, कारण श्वास अडकून दचकून उठणारा माणूसही अगदी असेच हातपाय झाडतो आणि त्याचा इलाज पूर्ण वेगळा असतो. नैराश्यासाठीच्या काही गोळ्यांनी हा विकार वाढतो, तेव्हा तशी एखादी चालू असेल तर यादीत लिहावी. आयुर्वेदिक चूर्णही यादीत लिहावे. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतोच, आणि कागदावर नसलेला डोस आम्हाला मोजता येत नाही.

राहिला वेगळे झोपण्याचा प्रश्न. हालचाली आटोक्यात येईपर्यंत आपण त्याच खोलीत पण दुसऱ्या खाटेवर झोपावे, हा माझा सल्ला आहे. यात नाते तुटत नाही. यजमानांना आपल्याकडून पुन्हा लागेल या धास्तीने झोप लागत नाही असे आपणच लिहिले आहे, ती धास्तीही उतरेल. पदराची गाठ मात्र आजच सोडा. झटका बसला तर दोघांपैकी कोणाचाही खांदा निखळू शकतो, आणि रात्री लघवीला उठताना ती गाठ विसरली तर दोघेही पडाल. पलंगाशेजारचे काचेचे भांडे, तांब्या, टेबलफॅन आणि कोपरे असलेले स्टूल हलवावे. पायथ्याच्या फळीला जुनी चादर गुंडाळून जाड गादीसारखे करावे, म्हणजे ब्रेक दाबताना अंगठ्याचे नख पुन्हा फुटणार नाही. गादी जमिनीवर घालण्याचा सल्ला सरसकट दिला जातो, तो कंपवातात मला पटत नाही, कारण जमिनीवरून उठणे हेच त्यांना सर्वांत कठीण जाते. कमी उंचीचा पलंग आणि खाली पसरलेली जाड सतरंजी बरी. ओरडू लागले तर जवळ वाकून गदागदा हलवू नका. हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावरून नावाने किंवा नेहमीच्या हाकेने बोलवा.

दोन प्रसंगी वाट पाहू नये: पलंगावरून पडून डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा एक-दोन दिवसांतच एकदम असंबद्ध बोलणे, ताप, अंग ताठरणे असा बदल झाला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बाकीच्यासाठी पंधरा दिवस एक वही ठेवा. शेवटची गोळी किती वाजता, झोप कधी, जाग किती वेळा आणि कशाने, ओरडले तेव्हा डोळे उघडे होते की मिटलेले, दुपारी किती वेळ झोपले, एवढेच लिहा. दुपारची डुलकी अर्ध्या तासात संपवा आणि सकाळच्या उन्हात फिरणे चुकवू नका, वहीत त्याचा फरक आपल्यालाच दिसेल. मोबाइलवर एखाद्या रात्रीचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण मिळाले तर, यजमानांना विचारून, तेही ठेवा. पुढच्या भेटीला वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि चूर्णाची बाटली घेऊन जा. यजमानांना ‘झोप कशी आहे’ असे विचारले तर ते ‘ठीक आहे’ म्हणतील, आणि ते खोटे बोलत नसतील, कारण पहाटे तीन वाजता काय झाले ते त्यांना माहीतच नसते. म्हणून बाहेर बाकावर बसून राहू नका, त्यांच्याबरोबर आपणही तपासणीच्या खोलीत जा.